स्वतः हात लावून

"घरी ताप होता का?" सिस्टरने विचारलं, आणि त्याच्या मनात सगळ्यात आधी आलं ते हे, की प्रश्न बरोबर विचारला. 'ताप वगैरे होता का' असं विचारलं की नातेवाईक वाट्टेल ते सांगत बसतात, आणि 'ताप होता ना' म्हटलं की नुसत्या माना डोलावतात. हिने यातलं काहीच केलं नव्हतं. इतक्या वर्षांत त्याने इस्पितळांना फोनवरून घसा फोडफोडून जे शिकवलं होतं, ते कोणीतरी शिकलेलं बघून त्याला क्षणभर बरंसुद्धा वाटलं. मग सिस्टर वर न बघता, पेन कागदावर टेकवून तशीच थांबून राहिली, आणि त्याच्या ध्यानात आलं की उत्तर त्याने द्यायचं आहे. समोरच्या खाटेवर त्याचे बाबा होते. त्यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, आणि मास्कच्या आत वाफ धरत होती, विरत होती, पुन्हा धरत होती, जशी थंडीत बंद गाडीच्या काचेवर धरते. हा प्रश्न त्याने हजारदा तरी विचारला असेल. आपल्याला तो कोणी विचारील आणि आपल्याला उत्तर येणार नाही, ही शक्यता त्याच्या कामात कुठेच धरलेली नव्हती.

त्याचं ऑफिस देशभरचा खोकला मोजत असे. हे कोणाला सांगायला गेलं की लोक हसत, म्हणून त्याने सांगणं सोडून दिलं होतं. शेजारच्या काकूंची समजूत होती की तो खोकल्याचं औषध विकतो, आणि दर थंडीत त्या त्याच्याकडे सवलत मागत. खरं म्हणजे देशातला सगळा खोकला मोजणं शक्य नसतं, म्हणून काही इस्पितळं निवडलेली होती. तिथे श्वास लागून भरती झालेल्या माणसांची माहिती दर आठवड्याला ऑफिसात येई, त्यातल्या ठरावीक लोकांच्या नाकातला नमुना लॅबकडे जाई, आणि शेवटी या सगळ्याची एक रेघ होऊन ऑफिसच्या प्रमुख मॅडमच्या भिंतीवरच्या पडद्यावर चढे किंवा उतरे. पडद्यावर एक आडवी लाल रेघही होती. त्या रेघेच्या वर म्हणजे फ्लूचा सीझन चालू, खाली म्हणजे बंद. आता श्वास लागणारे सगळेच या मोजणीत घेता येत नाहीत. खोकला हवा, तो नवा हवा, माणूस भरती करण्याइतका आजारी हवा, आणि ताप हवा, अंगात असलेला किंवा येऊन गेला असं घरच्यांनी सांगितलेला. यातलं एक जरी नसलं तर केस बाद. ती बाद करायचं काम त्याचं. ऑफिसात त्याला चाळणी म्हणत, आधी पाठीमागे आणि नंतर तोंडावर, आणि तो ओ देत असे.

घरच्यांनी सांगितलेल्या तापावर त्याचा पहिल्यापासूनच विश्वास नव्हता. जिन्यावरून पडलेल्याचे घरचेसुद्धा 'हो, थोडी कणकण होती' म्हणून सांगतात. म्हणून त्याने त्या प्रश्नाच्या खाली आपल्या मनाने एक उपप्रश्न जोडला होता: सांगणाऱ्याने स्वतः हात लावून बघितलं होतं का? नाही म्हटलं की ताप धरायचा नाही. मॅडमना तो उपप्रश्न इतका आवडला की त्यांनी तो सगळ्या इस्पितळांना लावून दिला. त्या संध्याकाळी तो खूश होऊन घरी गेला होता आणि जेवताना त्याने ते बाबांना सांगितलं होतं. बाबांनी घास संपवला, पाणी प्यायले आणि म्हणाले, चांगलं आहे, आता लोक दोनदा खोटं बोलतील.

"हो," तो सिस्टरला म्हणाला. "होता ताप."

सिस्टरने कागदावर खूण केली. "स्वतः हात लावून बघितलं होतं?"

"हो."

दोनदा झालं. मास्कच्या आत वाफ धरली आणि विरली. बाबांचे डोळे मिटलेले होते, पण ते जागे असताना असेच मिटलेले असत, हे त्याला माहीत होतं. खोटं बोलण्याचं कारण साधं होतं. तरुण डॉक्टरने छातीला स्टेथोस्कोप लावून आणि एक्स-रे उजेडात धरून सांगितलं होतं की हृदयाचं दिसतंय, फुप्फुसात पाणी झालंय, पाण्याची औषधं चालू करू. फ्लू असू शकेल का, असं त्याने विचारलं, तर डॉक्टर म्हणाला, ताप कुठाय, आणि पुढच्या खाटेकडे गेला. इस्पितळात नाकातून नमुना घ्यायच्या ज्या कांड्या होत्या त्या त्याच्याच ऑफिसाने पाठवलेल्या, मोजून, आणि नियमात बसणाऱ्याशिवाय कोणासाठी फोडायच्या नाहीत अशी ताकीद देऊन. ताकीद त्यानेच टाइप केली होती. नमुना गेला तर फ्लू कळेल, फ्लू कळला तर त्यावरचं औषध मिळेल, बाबांना वेगळ्या खोलीत नेतील. ताप नसेल तर यातलं काही नाही. बाबा पाण्याच्या औषधावर राहतील, आणि पाणी उतरेल, आणि बाबा बहुतेक पाण्याबरोबर जातील.

आणि ताप नव्हता असंही काही त्याला ठाऊक नव्हतं, हीच तर गंमत होती. बाबांचा खोकला सुरू झाला तो भिंतीपलीकडून. सुरुवातीला कोरडा, मग खालून ओढून आणल्यासारखा, मग खोकला संपल्यावर एक लांब शांतता, जिच्यात माणूस श्वास शोधत असतो. तो पलंगावर पडून ऐकत राही आणि सवयीने रकाने भरत राही. खोकला आहे. नवा आहे. भरती करण्याइतका आहे का, अजून नाही. ताप. इथे तो अडकायचा. दुसऱ्या गावाहून ताईचा रोज फोन येई. ती त्याच्याहून मोठी, आणि लहानपणापासून सगळं त्याच्याकडूनच करवून घेण्याची तिला सवय. ताप आहे का, असं ती विचारी, आणि तो म्हणे, वाटत नाही. वाटत नाही म्हणजे काय, कपाळाला हात लावून बघ ना, एवढं काय त्यात, असं ती म्हणे, आणि तो म्हणे, बघतो. मग तो खरोखरच उठून बाबांच्या खोलीच्या दारापर्यंत जाई. बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले असत. दारापासून खाटेपर्यंत फार तर चार पावलांचं अंतर, पण तिथे पोचल्यावर हाताचं नेमकं काय करायचं असतं हे त्याला आठवत नसे. उगीच उभं राहिल्यासारखं नको म्हणून तो एकदा दाराची कडी तपासत उभा राहिला. बाबा म्हणाले, कडी चांगली आहे, तुला काय पाहिजे? तो म्हणाला, ताप वाटतोय का तुम्हाला? बाबा भिंतीला सांगितल्यासारखे म्हणाले, ताप यायलासुद्धा अंगात दम लागतो रे, तुमच्या ऑफिसात मोजत नाहीत का ते?

मोजत नसत, पण माहीत सगळ्यांना होतं. म्हातारपणी फ्लू होऊनही ताप येतोच असं नाही, हे वाक्य त्यानेच दोन अहवालांच्या तळटीपेत लिहिलं होतं, बारीक टायपात. पण व्याख्या अनेक देशांच्या लोकांनी लांबलचक टेबलांभोवती बसून ठरवलेली होती. ती बदलली तर यंदाच्या खोकल्याची गेल्या वर्षीच्या खोकल्याशी तुलना करता आली नसती. मॅडम म्हणत, चुकीची असेना, पण दरवर्षी सारखीच चुकीची पाहिजे. ते त्याला पटलं होतं. अजूनही पटत होतं, आणि दारात उभं राहून पटत होतं.

बाबांशी त्याचं कधी भांडण झालेलं नव्हतं. भांडण असतं तर बरं झालं असतं, मिटवायला तरी माणूस जवळ जातो. आई गेल्यावर दोघंच घरात राहिले आणि टेबल, नळ, वर्तमानपत्र, बाथरूम यांच्या वेळा आपोआप अशा लागल्या की दोघांचा एकमेकांना धक्का लागू नये. बाबांनी आयुष्यभर गाडी चालवण्याच्या परवान्याच्या परीक्षा घेतल्या. अनोळखी माणसांच्या शेजारी बसायचं, गुडघ्यावर पॅड ठेवायचं, समोर बघायचं आणि गाडी थांबली की निकाल सांगायचा. त्यांच्या हाताखाली शहरातले निम्मे लोक नापास झाले होते. भाजीवाला, दाढी करणारा आणि आईचा सख्खा भाऊ त्यात आले, त्यामुळे त्यांच्या घराला भाजी नेहमी वजनाला कमी मिळे. त्याची स्वतःची परीक्षा बाबांकडे आली, तेव्हा बाबांच्या ऑफिसातल्या लोकांनी सुचवलं की दुसऱ्या कोणाला बसू दे. बाबा म्हणाले, का, रस्ता तोच आहे. ते गाडीत बसले, त्याला नाव विचारलं, नाव पॅडवर लिहिलं. वळणावर त्याची गाडी कठड्याकडे जायला लागली तेव्हा बाबांचा उजवा हात आला आणि त्याच्या हातासकट स्टिअरिंग फिरवून परत गेला. त्या हाताची पकड कोरडी आणि गरम होती, आणि तिच्यात राग नव्हता, काहीच नव्हतं. गाडी थांबल्यावर ते समोर बघून म्हणाले, पुढच्या वेळी. पुढच्या वेळीही तेच म्हणाले. त्यानंतर त्याने नाद सोडला आणि तो बसने फिरू लागला. अंगाला अंग लागल्याची त्याला आठवणारी शेवटची गोष्ट ती, आणि तीसुद्धा परीक्षेतली.

"डोकं धरा आजोबांचं," सिस्टर म्हणाली. तिने कांडीचं पाकीट फोडलं होतं. "हलायला नको. एक हात मागे आणि एक कपाळावर. घट्ट धरा, लाजताय काय."

त्याने एक हात मानेखाली घातला आणि दुसरा कपाळावर ठेवला. पहिलं म्हणजे ते लहान होतं. इतकी वर्षं समोर बसून त्याने ते कपाळ बरंच मोठं धरलेलं होतं, आणि आता ते एका पंज्याखाली मावत होतं, वर थोडी बोटं उरत होती. भुवयांचे राठ केस तळव्याला टोचत होते. एका बाजूला शीर उडत होती, थांबत होती, आठवल्यासारखी पुन्हा उडत होती. कातडी ओलसर होती आणि हाडावर सहज सरकत होती, जणू तिचं खालच्याशी फारसं देणंघेणं उरलेलं नाही. सिस्टरने कांडी नाकात घातली. ती जाते तितकी आत जाते यावर पहिल्यांदा बघणाऱ्याचा विश्वास बसत नाही. बाबांचं सगळं अंग वर उचललं गेलं, आणि ते डोकं त्याच्या तळव्यात येऊन दाबलं गेलं, पूर्ण भाराने, जसं लहान मूल डोकं घालतं तसं. आणि त्याच वेळी, त्याच्या आत, ऑफिसातली खुर्ची न सोडता, चाळणीने नोंद केली: गार आहे. फरशीसारखं गार. ताप नाही.

कांडी बाहेर आली, गुलाबी पाण्याच्या बाटलीत मोडली गेली, बाटली बर्फाच्या डब्यात गेली. बाबांनी एक डोळा उघडला आणि मास्क बाजूला सारला.

"पास?"

"एकदम पास, आजोबा," सिस्टर म्हणाली.

"ह्याला विचारा," बाबा म्हणाले. श्वास घेऊन पुढे म्हणाले, "नापास करायचं खातं ह्याच्याकडे आहे." आणि मास्क परत आपल्या हाताने बसवला.

सिस्टरने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं. मघापासून आवाज ओळखीचा वाटत होता, असं ती म्हणाली. सोमवारचे फोनवाले तुम्हीच का? तो हो म्हणाला, आणि आजच्या दिवसात हे त्याचं पहिलं खरं उत्तर होतं. ती जरा वेळ डब्याचं झाकण दाबत राहिली, लागलेलं असूनही. मग म्हणाली, म्हणजे तुम्हाला सगळं माहितीच आहे. त्यात टोमणा होता की नाही हे तिच्या तोंडावरून कळलं नाही. फोनवर कळायचं. त्याचा हात अजून बाबांच्या कपाळावर होता. काढायचा कसा हे त्याला कळत नव्हतं. काढला की काहीतरी म्हणावं लागेल असं वाटत होतं, म्हणून त्याने तो हळूच उचलून खिशात घातला.

बाबा गेले ते रिपोर्ट यायच्या आधी, सकाळी, वॉर्डात फरशी पुसणं चालू असताना. पुसणाऱ्या बाईने आधी ओळखलं आणि ती फडकं पिळून बाजूला उभी राहिली. वाफ धरली होती, ती विरली, आणि पुढची धरली नाही. एवढंच. मास्कचं प्लास्टिक स्वच्छ झालं आणि आतला चेहरा एकदम स्पष्ट दिसायला लागला, नाकाच्या बाजूच्या जुन्या चष्म्याच्या खुणांसकट. दुपारी तो खालच्या खिडकीपाशी मृत्यूचा दाखला घ्यायला उभा असताना डॉक्टर धावत आला आणि म्हणाला की लॅबचा फोन होता, फ्लूच निघाला. त्याला खरोखर वाईट वाटलेलं दिसत होतं. औषध आता लगेच चालू करता आलं असतं, असंही तो बोलून गेला. संध्याकाळी ताई आली. रडून झाल्यावर तिने विचारलं, ताप होता का रे शेवटी? तो म्हणाला, नव्हता. मग फ्लू कसा, असं तिने विचारलं. त्याने तिला तळटीप सांगितली, शब्दाला शब्द. तिने ती पूर्ण ऐकून घेतली. मग म्हणाली, "तुला हात लावून बघ म्हटलं होतं मी." आवाज चढवला नाही. चढवला असता तर त्याला तिच्यावर ओरडता आलं असतं.

तो कामावर परत गेला त्या सोमवारी सगळे हळू आवाजात बोलत होते आणि शिपायाने त्याच्या चहात न मागता साखर जास्त घातली होती. मॅडम स्वतः त्याच्या टेबलापाशी आल्या, वडिलांचं ऐकून वाईट वाटलं म्हणाल्या, खांद्यावर हात ठेवला, आणि तो हात तिथेच ठेवून पुढे म्हणाल्या की हा आठवडा जरा नाजूक आहे. रेघ लाल रेघेला टेकली होती. एक केस इकडची तिकडे झाली तरी सीझन चालू की बंद हे बदलणार होतं. आणि एक केस अशी होती की जिचा ताप फक्त नातेवाईकाने सांगितलेला. तेवढी तू तपास, त्या म्हणाल्या, तू तपासलंस की मी निर्धास्त. केसला नाव नसतं. पुरुष, वय, इस्पितळ, खोकला आहे, ताप घरच्यांनी सांगितला, स्वतः हात लावून बघितलं होतं: हो. फ्लू: आहे. परिणाम: मृत्यू. त्याने ते दोनदा वाचलं. भरलेलं नीटनेटकं होतं, एक रकाना रिकामा नव्हता. मग त्याने फोन उचलला, कारण नियम तसा होता.

सिस्टरने आवाज ओळखला आणि ओळखला नाही असं दाखवलं. त्याबद्दल त्याने मनातल्या मनात तिचे आभार मानले. त्याने केसचा नंबर सांगितला. तिने कागद शोधायला लागतो तेवढा वेळ घेतला, जरी तो समोरच असणार. खोकला? होता. नवा? नवा. ताप?

"मुलाने सांगितलाय," ती म्हणाली.

"त्याने स्वतः हात लावून बघितलं होतं का?"

पलीकडे वॉर्ड होता. कोणीतरी खोकत होतं, कोणीतरी खाट सरकवत होतं. "तसं तो म्हणाला," ती म्हणाली. मग आवाज बदलून म्हणाली, "राहू द्या की हो. एकच तर आहे."

"लावला होता," तो म्हणाला. "आधी नाही. तुमच्यासमोर. गार होतं."

"तुमचे हात गरम असतील," ती म्हणाली. "घाबरलेल्या माणसाचे असतात. गरम हाताला सगळंच गार लागतं."

हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. त्याने मोकळा हात उलटा करून बघितला. सांगणाऱ्याने हात लावला तेव्हा त्याचा स्वतःचा हात कसा होता, असा आणखी एक उपप्रश्न लागला असता, आणि मग त्याचा हात कोणी बघितला, असा त्याच्याखाली आणखी एक, आणि असं करत करत सगळा देश एकमेकांचे हात धरून इस्पितळाच्या दारात उभा राहिला असता. त्याने डोळे मिटले. मिटल्यावर त्याला आजवर बाद केलेली म्हातारी माणसं दिसतील असं वाटलं होतं, पण चेहरे त्याने कधी बघितलेच नव्हते, त्यामुळे नुसती कपाळं दिसली. ओळीने कपाळं, वर नंबर. प्रत्येकाच्या घरी कोणीतरी दाराची कडी तपासत उभा राहिलेला असणार. मग त्यांना बाहेर ठेवायचं आणि एकाला आपल्या घरचा म्हणून आत घ्यायचं? बाबा समोर बघत, पॅड गुडघ्यावर ठेवून शेजारी बसले होते. का, रस्ता तोच आहे.

"बाद," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली, आणि मग काहीतरी म्हणणार होती, पण फोन ठेवण्याचा आवाज आला. कोणी ठेवला ते त्याला नंतर आठवेना. बहुधा त्यानेच.

मॅडमनी पडदा लावला. रेघ लाल रेघेच्या खाली उतरली, इतकी जराशी की जवळ जाऊन बघावं लागलं, पण उतरली. "सुटलो बाबा," मॅडम म्हणाल्या. सीझन संपल्याचं पत्र दुपारच्या आत देशभर गेलं. शिपायाने दरवाजावरचं तोंड झाकून खोकायला सांगणारं चित्र काढलं आणि पुढच्या वर्षी लागेल म्हणून त्याची सुरळी करून कपाटावर ठेवली. कोणीतरी खिडकी उघडली. सगळ्यांनी जागच्या जागी मोठा श्वास घेतल्यासारखं केलं, आणि त्याच्या लक्षात आलं की आपणही घेतला.

परतीच्या बसमध्ये त्याला खिडकीची जागा मिळाली. शेजारी एक म्हातारा गृहस्थ येऊन बसला, मांडीवर टोपी घेऊन. पुढच्या चौकात त्याने खोकायला सुरुवात केली. खालून ओढून आणल्यासारखा खोकला, आणि नंतर ती लांब शांतता. समोरच्या सीटवरच्या बाईने पिशवी दुसऱ्या बाजूला घेतली. खोकला आहे, त्याच्या आतल्याने म्हटलं, नवा आहे की नाही माहीत नाही, सीझन नाही. सीझन आजच संपला. त्याचा हात खिशात होता. तो बाहेर आला, आणि त्याने म्हाताऱ्याच्या कपाळावर तळवा ठेवला. विचारलं नाही, माफ करा असंही म्हटलं नाही. बाई वळून बघायला लागली. म्हाताऱ्याने मात्र मान काढून घेतली नाही. जणू कोणीतरी कधीतरी हे करणारच होतं असा तो सरळ समोर बघत बसला, आणि मग हळू आवाजात, डॉक्टरला विचारतात तसं नाही, घरच्या माणसाला विचारतात तसं म्हणाला, "आहे का रे?"

तळव्याखाली कातडी होती, हाड होतं, भुवयांचे केस होते, शीर उडत होती. गरम की गार ते कळत नव्हतं. त्याचा थांबा आला, बस थांबली, दार उघडलं.

"थांबा जरा," तो म्हणाला. "बघतोय."

दार बंद झालं.